दोन वर्षांचे विद्यापीठ

म्यूनिक शहरात इझार नदीच्या बेटावर ‘डॉइचेस म्युझियम’ नावाचे विज्ञानाचे व यंत्रविद्येचे प्रचंड संग्रहालय आहे. विमाने, होड्या, खाणींचे नमुने पाहून माणसाचे पाय दुखू लागतात, अशी त्याची ख्याती. युद्धात बाँबवर्षावाने ही इमारत पार खिळखिळी झाली होती. १९४६ साली तिच्या उरल्यासुरल्या दालनांतून एक विद्यापीठ भरत असे. शिकणारे निर्वासित, शिकविणारेही निर्वासित. छावणीतून यायचे, व्याख्यान ऐकायचे आणि संध्याकाळी पुन्हा छावणीत रांगेला उभे राहायचे. ‘उन्रा विद्यापीठ’ असे त्याचे नाव. उन्रा म्हणजे १९४३ च्या नोव्हेंबरात दोस्त राष्ट्रांनी स्थापन केलेली मदत व पुनर्वसन संस्था. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे सुटसुटीत नाव पडले. विद्यापीठ मात्र १९४७ साली बंद झाले. पुरी दोन वर्षेही ते जगले नाही.

इतक्या अल्पायुषी संस्थेचा इतिहास लिहिण्याचे श्रम कोण घेणार? अ‍ॅना होलियन या अमेरिकन इतिहाससंशोधिकेने ते घेतले. २००८ साली ‘कंटेम्पररी युरोपियन हिस्टरी’ या नियतकालिकात तिचा या विद्यापीठावरील प्रबंध आला. २०११ साली युद्धोत्तर जर्मनीतील विस्थापितांवर तिचा सबंध ग्रंथच निघाला. पाठोपाठ २०१४ साली न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मधील जेरेमी व्हॅरॉन यांनी त्याच काळात जर्मन विद्यापीठांतून शिकलेल्या ज्यू विद्यार्थ्यांचा इतिहास ‘द न्यू लाइफ’ या नावाने प्रसिद्ध केला. हे संशोधन आपल्याकडे फारसे कुणाच्या वाचनात आलेले दिसत नाही. ते यावे असे मला वाटते. त्यातून निघणाऱ्या एका निष्कर्षाशी मात्र माझे भांडण आहे. तो निष्कर्ष संशोधकांनी काढलेला नाही. वरवर वाचणारा सहज काढील असा आहे. त्याकडे येतोच.

आधी हे लोक कोण होते ते सांगितले पाहिजे. १९४५ च्या मे महिन्यात युद्ध संपले तेव्हा एकट्या जर्मनीत ऐंशी लाखांच्या आसपास परके लोक होते. कुणी वेठबिगार म्हणून कारखान्यांत व शेतांवर आणलेले, कुणी युद्धकैदी, कुणी छळछावण्यांतून हाडांचे सापळे होऊन बाहेर पडलेले, तर कुणी रशियन फौजा आल्या म्हणून बाल्टिक किनाऱ्यावरून पळालेले. त्यांतले बहुतेक वर्ष सरण्यापूर्वी आपापल्या देशी परतले. दहा लाखांच्या आसपास मागे उरले, आणि ते परत जाईनात. लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया हे देश १९४० साली सोव्हिएत संघाने गिळले होते. युक्रेनियनांना व पुष्कळ पोलिशांना परतल्यावर काय वाढून ठेवले आहे याची धास्ती होती. ज्यूंना तर परत जायला घरच नव्हते. जे पोलंडला गेले त्यांतल्या कित्येकांना ४ जुलै १९४६ ला किएल्त्से गावात ४२ ज्यूंची कत्तल झाली तेव्हा पुन्हा गाशा गुंडाळावा लागला, आणि ते आले कुठे, तर जर्मनीतल्या अमेरिकन हद्दीत! दैवाची थट्टा म्हणतात ती हीच.

अशा लोकांना पाव हवा, कांबळे हवे, औषध हवे, हे कुणालाही समजते. विद्यापीठ कशाला हवे? हा प्रश्न तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही पडला होता, आणि त्यांच्याकडून पाहिले तर तो गैर नव्हता. उन्रा ही मदतसंस्था. लोकांना जगवावे आणि घरी धाडावे, एवढे तिचे काम. निर्वासिताला चार वर्षांच्या अभ्यासक्रमात बसविले की तो चार वर्षे हलणार नाही, हे साधे गणित होते.

विद्यार्थ्याचे गणित निराळे होते. १९३९ साली पोलंड पडल्यावर जर्मनांनी तेथली विद्यापीठे व माध्यमिक शाळा बंद केल्या. क्राकोच्या यागेलोनियन विद्यापीठातील प्राध्यापकांना ६ नोव्हेंबर १९३९ रोजी सभेच्या निमित्ताने बोलावून घेतले आणि १८० हून अधिक जणांना तेथल्या तेथे पकडून नेले. तेव्हा चौदा वर्षांचा असलेला मुलगा १९४५ साली वीस वर्षांचा झाला होता. मधली सहा वर्षे त्याच्या हातात पुस्तक नव्हते. फावडे होते, किंवा काहीच नव्हते. या वयाचे मूल्य शिक्षकाला कळते. गळा असो वा बुद्धी, चौदा ते वीस ही वर्षे गेली की पुढे भरपाई होते, पण ती फार महाग पडते. ही तरुण मंडळी युद्ध संपल्याबरोबर वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली, त्यात अचंबा वाटण्यासारखे मला तरी काही दिसत नाही. पोटाच्या भुकेची व्यवस्था छावणीत थोडीफार होत होती. या दुसऱ्या भुकेसाठी मात्र शिधापत्रिका निघालेली नव्हती.

उन्रा विद्यापीठाचे वैशिष्ट्य असे की ते कोणा एका राष्ट्राचे नव्हते. युक्रेनियन, पोल, लिथुआनियन, लाटव्हियन, रशियन, ज्यू, युगोस्लाव्ह असे हजाराच्या वर विद्यार्थी तेथे एकत्र बसत. होलियनबाईंनी भर दिला आहे तो यावरच. राष्ट्राराष्ट्रांच्या वैराने ज्यांची घरे जाळली, त्यांनी विद्येच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय समाज उभारायचे मनावर घेतले. जुन्या युरोपातील विद्यापीठाचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. म्हणजे केवळ राहिलेला अभ्यास पुरा करण्याची ही सोय नव्हती, विध्वंसाला दिलेले ते उत्तर होते. यातली गंमत अशी की या सर्वांना समाईक अशी भाषा एकच होती, आणि ती जर्मन! ज्या भाषेत हुकूम ऐकले त्याच भाषेत आता गणित आणि वैद्यक ऐकायचे.

बडोद्यासारख्या गावी राहणाऱ्या वाचकाला समाईक भाषेचा हा प्रकार नवा वाटू नये. येथे मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. तिच्यात मराठी आणि गुजराती पोरे बसत, उस्तादांची घरची भाषा तिसरी आणि चिजा ब्रजभाषेतल्या. भास्करबुवा बखले बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांपाशी शिकले, पुढे नत्थन खाँसाहेबांकडे गेले, त्यानंतर अल्लादिया खाँसाहेबांकडे. बुवांचे गाणे कोणत्या जातीचे, असे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. पण ही तुलना इथेच थांबवितो. आपल्या गवयांनी शत्रूच्या मुलखात, शत्रूच्या भाषेत, शत्रूपाशी विद्या घेतली नव्हती. ती पाळी आली होती व्हॅरॉन यांनी ज्यांची हकीकत लिहिली त्या विद्यार्थ्यांवर.

अमेरिकन विभागातल्या जर्मन विद्यापीठांना शेकडा दहा जागा विस्थापितांसाठी राखण्याचा हुकूम होता. आता याच्या शेजारी एक जुना आकडा ठेवा. १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने कायदा करून नव्या प्रवेशांत ज्यूंचे प्रमाण शेकडा दीडवर आणून ठेवले होते, आणि पुढे दारे पुरतीच बंद केली होती. तेराच वर्षांत त्याच दारातून, हातावर छावणीचा क्रमांक गोंदलेले तरुण वैद्यकाच्या, दंतवैद्यकाच्या, यंत्रविद्येच्या वर्गात शिरले. म्यूनिक, हायडेलबर्ग, एर्लांगेन, फ्रँकफुर्ट या ठिकाणी मिळून सातआठशे ज्यू विद्यार्थी त्या वर्षांत शिकले. म्यूनिकला त्यांनी आपला संघ काढला. शेजारच्या बाकावर कालपरवापर्यंत जर्मन सैन्यात असलेला मुलगा बसलेला असे. फळ्यापाशी उभा असलेला प्राध्यापक बारा वर्षे कोणती पट्टी दंडावर बांधून फिरत होता, हे विचारण्याची सोय नव्हती.

या लोकांनी तेथे शिकायलाच नको होते असे म्हणणारे तेव्हाही होते. खुद्द ज्यू समाजात होते. ज्यांची चिता अजून विझली नाही त्यांच्या मारेकऱ्यांपुढे वही घेऊन काय बसता, असा त्यांचा सवाल होता. सवाल खरा आहे आणि जिव्हारी लागणारा आहे. तरीही माझे मत विद्यार्थ्यांच्या बाजूने पडते. व्हॅरॉन यांनी वयोवृद्ध झालेल्या या मंडळींच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या. त्यांतून दिसते ते असे की जर्मनांशी दिलजमाई करावी म्हणून ही मुले तेथे गेलीच नव्हती. त्यांना शरीरशास्त्र हवे होते. ते ज्याच्यापाशी होते त्याच्याकडून त्यांनी ते घेतले; स्नेह दिला नाही, क्षमाही दिली नाही. क्वचित कुठे एखाद्या घरमालकिणीशी वा सहाध्यायाशी माणुसकीचे नाते जडले, तेवढेच. गुरूची भक्ती केल्यावाचून विद्या फळत नाही, असे आम्हा गाणाऱ्यांना लहानपणापासून पढविलेले असते. तो नियम मी माझ्या शिष्यांना सांगतो आणि पुढेही सांगणार आहे. पण तो नियम ज्यांना लागू नाही अशी माणसेही असतात, हे त्या मुलाखती वाचल्यावर कबूल करणे भाग आहे.

हॅम्बुर्गला आणखी एक निराळा प्रयोग चालू होता. १४ मार्च १९४६ रोजी तेथे, ब्रिटिश विभागात, ‘बाल्टिक विद्यापीठ’ उघडले. लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया या तीन देशांच्या पळून आलेल्या प्राध्यापकांनी ते उभारले, आणि रेक्टरही तिन्ही राष्ट्रांचे एकेक ठेवले. पुढे ते हॅम्बुर्गहून जवळच्या पिनेबर्ग गावी विमानदलाच्या जुन्या बराकींत हलविण्यात आले. ‘विद्यापीठ’ हे नाव ब्रिटिश अधिकाऱ्यांना खुपत होते. सरकारी कागदांत ते ‘अभ्यासकेंद्र’ झाले. नावाच्या या कुरबुरीत सगळे येऊन जाते. विद्यापीठ म्हटले की पदवी आली, पदवी म्हटली की ती मानणारे सरकार आले, आणि या तीन राष्ट्रांना तर नकाशावर जागाच उरलेली नव्हती. एस्टोनियाच्या बाजूचे रेक्टर एर्न्स्ट ओपिक हे खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यमालेच्या पार कडेला धूमकेतूंचा एक विराट साठा असला पाहिजे, हे त्यांनी १९३२ साली गणिताने मांडले होते. आज तो मेघ त्यांच्या आणि ऊर्ट या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. असा माणूस बराकीत, फळकुटावर आकृत्या काढून पोरांना शिकवीत होता. १९४८ साली ते उत्तर आयर्लंडमधील आर्माच्या वेधशाळेत गेले. एक एक करून बाकीचेही गेले, आणि १९४९ च्या सप्टेंबरअखेर या विद्यापीठाला कुलूप लागले.

बाल्टिक मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्यांतले काही जर्मन गणवेशात लढलेले होते, काहींचे हात याहून वाईट कामात बुडालेले होते, आणि चौकशीच्या चाळणीतून सगळेच खडे निघाले असे नव्हे. निर्वासित म्हटला की तो निष्पाप, असे धरून चालणाऱ्याने इतिहास वाचू नये; कीर्तनाला जावे.

आता माझ्या भांडणाकडे वळतो. म्यूनिकमध्येच त्या काळी आणखी एक विद्यापीठ आले होते: युक्रेनियन स्वतंत्र विद्यापीठ. १९२१ साली व्हिएन्नात ते स्थापन झाले, त्याच वर्षी प्रागला गेले, आणि १९४५ साली रशियन फौजा प्रागेत शिरल्या तेव्हा म्यूनिकला आले. ते आजही तेथे चालू आहे. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळात, निर्वासितांची दोन विद्यापीठे होती. सर्व राष्ट्रांचे जे होते ते दोन वर्षांत मेले. एका राष्ट्राचे होते ते शंभरी ओलांडून गेले. यावरून वाचक म्हणेल, की पाहा, माणूस शेवटी आपल्या भाषेच्या, आपल्या जातीच्या संस्थेसाठीच पदरमोड करतो. सर्वांचे असते ते कुणाचेच नसते. बाहेरच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाला हा निष्कर्ष फार लवकर पटेल, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. आपली मंडळे, आपली वाचनालये, आपला गणेशोत्सव आपण टिकविला याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण आपण निर्वासित म्हणून येथे आलो नाही, गायकवाडांच्या फौजेमागून आलो, आणि आपल्या संस्थांच्या पाठीशी बराच काळ दरबारचा खजिना होता. एवढे आठवले म्हणजे त्या दोन विद्यापीठांचा हिशेब जरा वेगळा मांडता येतो.

दरबार म्हणजे काय आणि तो उठला म्हणजे काय होते, हे मी घरातच पाहिले आहे. येथील कलावंत कारखान्यात सनईवाल्यापासून ख्यालगायकापर्यंत सर्वांचा तनखा लागलेला असे. माझे वडील त्या कारखान्याच्या अगदी शेवटच्या पिढीतले, वयाने सर्वांत धाकटे. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि कारखाना संपला. त्यात मोठमोठे गुणी होते. गुण कमी पडला म्हणून तो संपला नाही. मौलाबक्षांची शाळा मात्र राहिली. ती त्याच सुमारास नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली, तिला अभ्यासक्रम आला, परीक्षा आली, प्रमाणपत्र आले. तिच्यातून गवई किती निघाले हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि मी स्वतः शिकविणारा असूनही त्यांना प्रत्येक वेळी उत्तर देऊ शकतोच असे नाही. पण शाळा आहे. दार उघडते, तंबोरे लागतात, कुणीतरी नवे पोर येऊन बसते.

म्यूनिकच्या विद्यापीठाचेही असेच झाले. उन्राची मुदत संपली आणि १९४७ च्या मध्यास आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने तिची जागा घेतली. नव्या संघटनेचा ओढा निर्वासितांना परदेशी वसविण्याकडे होता. विद्यापीठाच्या मागचा एकमेव आश्रयदाता नाहीसा झाला आणि त्याच्या कागदाला मान्यता देणारे कोणी उरले नाही. मुलांना सांगण्यात आले, की जर्मन विद्यापीठांत दहा टक्के जागा आहेत, तिकडे जा. याउलट युक्रेनियनांपाशी पंचवीस वर्षांची घडी होती, समुद्रापलीकडे वसलेला समाज होता आणि त्यांची वर्गणी होती. मरणाचे कारण सर्वराष्ट्रीयत्व हे नव्हे. आश्रय एकच होता आणि कागदाला वाली नव्हता, हे कारण.

याला पुरावा हवा असेल तर तो स्कॉटलंडमध्ये आहे. १९४१ च्या मार्चमध्ये एडिंबरो विद्यापीठात पोलिश वैद्यकशाळा उघडली. शिकविणारे पुष्कळसे पोलिश, शिकणारे पोलिश सैन्यातले. पोलंडचे निर्वासित सरकार तेव्हा लंडनमध्ये होते. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे या शाळेमागचे राज्यच एका सकाळी नाहीसे झाले. तरी शाळा १९४९ पर्यंत चालली आणि तिने २२७ डॉक्टर बाहेर पाठविले. मागे एडिंबरोचे विद्यापीठ उभे होते म्हणून हे झाले. राष्ट्रीय संस्था तरी राष्ट्राच्या बळावर कुठे टिकली? शेजाऱ्याने आपल्या शिक्क्याची सावली दिली, म्हणून टिकली.

कागद, कागद असे मी इतके करतो आहे, याचे गुरुपरंपरेतल्या कुणाला हसू येईल. त्यांनी त्या पुढच्या वर्षांत काय झाले ते पाहावे. १९४७ पासून निरनिराळ्या देशांचे अधिकारी छावण्यांत माणसे निवडायला येऊ लागले. बेल्जियमला कोळशाच्या खाणींसाठी माणसे हवी होती, कॅनडाला लाकूडतोडे, ब्रिटनला गिरण्यांत आणि रुग्णालयांत राबणारे हात. ऑस्ट्रेलियाने तर दोन वर्षांचा करारच लिहून घेतला, की सरकार सांगेल ते काम करायचे. पुरुष म्हणजे मजूर, बाई म्हणजे घरकामाची बाई. डॉक्टरांच्या पदव्या तेथे मानल्या जात नसत. शिकलेल्या माणसाचे हात मऊ दिसले की अर्ज मागे पडे, म्हणून कित्येकांनी आपले शिक्षण लपविले. दोन वर्षे उपाशी राहून मिळविलेली विद्या, आणि ती चोरीच्या मालासारखी लपवायची!

काही जण यातूनही वर आले. मारिया गिंबुटास ही लिथुआनियन संशोधिका १९४४ साली देश सोडताना एका हातावर तान्ही लेक आणि दुसऱ्या बगलेत आपला प्रबंध घेऊन निघाली, असे तिने पुढे सांगितले आहे. १९४६ साली ट्यूबिंगेनला तिने डॉक्टरेट मिळविली, १९४९ साली अमेरिकेस गेली, आणि प्राचीन युरोपच्या पुरातत्त्वात तिचे नाव झाले. म्यूनिक विद्यापीठात शिकलेला वाल्दास अदामकुस शिकागोत मोटारींच्या भागांच्या कारखान्यात मजुरीला लागला. पुढे इंजिनियर झाला, आणि १९९८ साली स्वतंत्र लिथुआनियाचा राष्ट्राध्यक्ष. अशी नावे सांगायला गोड लागतात. पण त्यांच्या आधाराने ‘गुणी माणूस कुठेही चमकतोच’ असे जे म्हटले जाते, ते ऐकून मला राग येतो. कारखान्यातून बाहेर न पडलेल्यांची नावे कोणी छापत नाही.

या सगळ्याशी मराठी मुलखाचा एक खरा धागा आहे, आणि तो आपल्याकडच्या तरुणांना माहीत नसतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली ही मंडळी इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि कोल्हापूर संस्थानच्या भूमीवर स्थिरावली. वस्ती उभी राहताच शाळाही उभ्या राहिल्या, प्राथमिकपासून ‘जिम्नाझियम’ आणि ‘लिसेयम’पर्यंत. पंचगंगेच्या काठी पोलिश मुले पोलिश इतिहास शिकत होती! खर्च लंडनमधल्या त्याच निर्वासित सरकारचा. १९४५ साली त्याची मान्यता गेली तेव्हा तो घाव वळिवड्याच्या वर्गखोल्यांपर्यंत पोचला. पुढे ही वसाहत उन्राच्या आणि तिच्या वारसाच्या हाती गेली, आणि १९४८ पर्यंत सगळी पांगली. बरीचशी ब्रिटनला, काही ऑस्ट्रेलियात, काही पोलंडला परत. म्यूनिकच्या संग्रहालयात बसलेला विद्यार्थी आणि वळिवड्याच्या बराकीतला विद्यार्थी एकाच फाईलमधले होते, असे म्हटले तरी चालेल. कोल्हापूरकरांनी त्यांचे स्मारक राखले आहे, आणि तिथे वाढलेली मुले म्हातारपणी पुन्हा पुन्हा ते गाव पाहायला आली. हा वृत्तान्त आपल्या शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींचा का असेना, असायला हवा. जामनगरजवळच्या बालाचडीचे नाव निदान कानावर पडते. वळिवड्याचे तेवढेही नाही.

दहा वर्षांनी युरोपवर पुन्हा तोच प्रसंग आला, आणि तेव्हा मात्र जग थोडे शहाणे झालेले दिसले. १९५६ च्या हंगेरीतील उठावानंतर दोन लाखांच्या आसपास माणसे सीमा ओलांडून गेली. त्यांत विद्यार्थी फार. त्यांच्यासाठी पश्चिमेच्या विद्यापीठांनी जागा काढल्या, शिष्यवृत्त्या काढल्या. यात राजकारण होते, साम्यवादाला खिजविण्याची हौस होती, हे उघड आहे. हौस कोणती का असेना, दार उघडले. संगीतकारांचे सांगायचे तर पळून आलेल्या हंगेरियन वादकांनी १९५७ साली व्हिएन्नाजवळ बाडेन येथे झोल्तान रोझ्न्याई यांच्या पुढाकाराने ‘फिलहार्मोनिया हंगारिका’ हा वाद्यवृंद उभा केला. पुढे तो जर्मनीतील मार्ल गावी स्थायिक झाला आणि अंताल दोराती यांच्या दिग्दर्शनाखाली त्याने हायडनच्या सगळ्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. शंभरावर सिंफनी! ज्याला निर्वासितांच्या संस्था म्हणजे तात्पुरता निवारा वाटतो त्याने त्यांतली कोणतीही एक ऐकावी. हा वृंदही आश्रय आटल्यावर २००१ साली मोडला, ते असो.

मला स्वतःला सर्वांत पटलेले उदाहरण मात्र अरण्यविद्येचे आहे. हंगेरीतील शोप्रोन गावच्या अरण्यविद्या महाविद्यालयातील दोनशेच्या आसपास विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियात आले. त्यांनी एकेकटे पांगण्याऐवजी डीन काल्मान रोलर यांच्या मागे एकत्र राहायचे ठरविले आणि आम्हाला सबंध घ्या, अशी मागणी केली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने ती मानली. १९५७ साली अख्खे महाविद्यालय आगगाडीत बसून व्हँकुव्हरकडे गेले. तेथे ‘शोप्रोन विभाग’ म्हणून त्यांचे वर्ग आरंभी हंगेरियन भाषेतच चालले, हळूहळू इंग्रजी आली, आणि पदवी मिळाली ती ब्रिटिश कोलंबियाची. स्वतःचे गुरू, स्वतःची भाषा, आणि शिक्का यजमानाचा! म्यूनिकच्या लोकांनी मागितले होते ते याहून फार वेगळे नव्हते.

हा शिक्क्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही. युरोपीय परिषदेने २०१७ पासून निर्वासितांसाठी एक ‘शैक्षणिक पारपत्र’ सुरू केले आहे. ज्याची प्रमाणपत्रे जळाली, हरवली किंवा मागे राहिली, त्याला तज्ज्ञांपुढे बसवितात, काय शिकलास, कुठे, कुणापाशी, किती वर्षे, असे विचारतात, आणि त्याच्या उत्तरांवरून आणि हाती असतील त्या कागदांवरून त्याच्या शिक्षणाचा दाखला लिहून देतात. आमच्यात नव्या गवयाला बैठकीत बसवून तालीम कुणाची, किती वर्षांची, हे विचारीत आणि मग तंबोरा त्याच्या हाती देत, त्याचीच आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. मात्र या दाखल्याने प्रवेशाचा हक्क मिळत नाही. तो मानायचा की नाही हे प्रत्येक विद्यापीठाने ठरवायचे असते.